प्रोपेन हा पर्याय नव्हे: कोकणातल्या कारखान्याने, घराने आणि शेताने आयात गॅस कसा कमी करावा

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: "लोट्याजवळ आमचा आंबा-कोकम प्रक्रियेचा छोटा कारखाना आहे. ताशी एक टन वाफेचा बॉयलर, पाइपलाइनचा गॅस. आखातात युद्धाचं वारं सुटलं की दर आणि पुरवठा दोन्हींची धास्ती बसते. बॉयलर प्रोपेनवर न्यावा असा सल्ला मिळतोय. घरी सिलिंडर आहे, गावी थोडी भातशेती आहे. आमच्यासारख्यांना आयात गॅसवरचं अवलंबित्व खरोखर कमी करता येतं का? सुरुवात कुठून करावी?"

येतं. मी सव्वीस वर्षं बॉयलर आणि भट्ट्यांचं एनर्जी ऑडिट करतोय, त्यातली निम्मी वर्षं महाड, लोटे, रत्नागिरी, कुडाळ याच पट्ट्यात गेली. तुमच्या प्रश्नातल्या प्रोपेनपासून सुरुवात करतो, कारण बहुतेक जण तिथेच फसतात.

प्रोपेनवर जाऊ नका. निदान पुरवठ्याच्या भीतीपोटी तरी जाऊ नका. पाइपलाइनने येतो तो नैसर्गिक वायू म्हणजे मुख्यतः मिथेन. तो उणे १६२ अंशांपर्यंत थंड करून द्रवरूपात जहाजाने आणतात, तेव्हा त्याचं आकारमान सुमारे सहाशे पटींनी कमी होतं. यालाच एलएनजी म्हणतात. देश वापरतो त्यातला जवळजवळ निम्मा वायू असा बाहेरून येतो आणि सर्वांत मोठा पुरवठादार कतार आहे. कतारचं रास लफान बंदर होर्मुझच्या सामुद्रधुनीच्या आत आहे. जगातल्या एलएनजी व्यापाराचा सुमारे पाचवा हिस्सा त्या एका चिंचोळ्या वाटेने जातो. आता प्रोपेन बघा. प्रोपेन आणि ब्यूटेन मिळून एलपीजी होतो. भारताच्या एलपीजीपैकी साधारण साठ टक्के आयात, आणि त्यातला फार मोठा भाग आखातातून, म्हणजे त्याच होर्मुझमधून. ज्या दिवशी मिथेनची वाट अडेल त्या दिवशी प्रोपेनचीही अडेल. तुम्ही बर्नर बदलाल, टाकी बसवाल, त्यासाठी कर्ज काढाल, आणि दार मात्र तेच राहील.

मग २०२२ मध्ये गुजरातेतल्या मोरबीच्या सिरॅमिकवाल्यांना प्रोपेनने कसं तारलं? ते संकट वेगळ्या जागी होतं. रशिया-युक्रेन युद्धामुळे युरोप मिळेल तिथून एलएनजी उचलत होता. एप्रिल-मे २०२० मध्ये आशियात दर एमएमबीटीयूला (गॅस मोजायचं एकक) दोन डॉलरच्या आसपास मिळणारा हजर बाजारातला, म्हणजे दीर्घ कराराशिवाय विकला जाणारा गॅस २०२२ च्या ऑगस्टमध्ये सत्तर डॉलरला टेकला. आपल्या सरकारी गेल कंपनीचा रशियाच्या गॅझप्रॉमच्या सिंगापूरमधल्या कंपनीशी दीर्घ मुदतीचा करार होता, त्यातली जहाजंही त्या वर्षी येईनाशी झाली. पण होर्मुझ उघडं होतं, म्हणून प्रोपेन स्वस्त पडला. जून २०२५ मध्ये इस्रायल-इराण युद्ध पेटलं तेव्हा टांगणीला लागलं होतं ते होर्मुझच. त्यामुळे पर्यायी इंधन निवडताना मी दराच्या आधी एक गोष्ट विचारतो: हे कुठून, कुठल्या वाटेने येतं?

आपल्या दाराशी एलएनजी उतरवायचं टर्मिनल आहे, हा दिलासाही मनातून काढून टाका. गुहागरजवळ अंजनवेलला एलएनजीच्या टाक्या आहेत, तिथून पनवेलला आणि थेट बेंगळुरूला पाइपलाइन गेली आहे, हे खरं. पण टर्मिनल आपलं असलं म्हणून गॅस आपला होत नाही. दाभोळचा वीज प्रकल्प आठवा. तो उभारणाऱ्या अमेरिकन एन्रॉन कंपनीच्या काळात ओमान आणि अबुधाबीच्या एलएनजीचे करार झाले होते. पहिला टप्पा मात्र मे १९९९ मध्ये नाफ्थ्यावर (खनिज तेलापासूनचं द्रव इंधन) सुरू झाला आणि २००१ मध्ये बंद पडला. पुढे २००५ मध्ये एनटीपीसी आणि गेलने मिळून रत्नागिरी गॅस अँड पॉवर कंपनी काढली, संच पुन्हा फिरले, आणि २०१३ मध्ये कृष्णा-गोदावरी खोऱ्यातला गॅस आटल्यावर १९६७ मेगावॅटचा प्रकल्प पुन्हा थंड झाला. त्याच वर्षी शेजारच्या टर्मिनलला पहिलं जहाज लागलं होतं. लाटारोधक भिंत पुरी नसल्यामुळे त्यानंतरही कित्येक वर्षं पावसाळ्यात तिथे जहाज लागत नसे. गुहागरच्या लोकांनी हे सगळं डोळ्यांनी पाहिलंय.

टंचाई आली की कात्री आधी कुणाला लागते, हेही माहीत असू द्या. देशात निघणारा स्वस्त गॅस आधी घरगुती पाइप गॅसला आणि वाहनांच्या सीएनजीला दिला जातो. लहान कारखान्याला मिळतो तो बहुतांशी आयात गॅस, आणि पुरवठा कमी पडला की पहिली कपात त्याचीच. म्हणून आजच तुमचा करार काढा आणि दोन कलमं नीट वाचा. एक, किमान उचल: गॅस वापरला नाही तरी किती युनिटचे पैसे भरावे लागतात. दुसरं, अटळ परिस्थितीचं कलम: युद्धामुळे पुरवठा थांबला तर पुरवठादार जसा सुटतो तसे तुम्हीही किमान उचलीतून सुटता का? वापर घटवायचा ठरवलात आणि किमान उचल तशीच राहिली, तर वाचवलेल्या गॅसचेही पैसे भराल. करार नूतनीकरणाला येईल तेव्हा आधी हा आकडा खाली आणा.

आता मुख्य काम. पर्यायी इंधनाचा विचार मी नेहमी दुसऱ्या नंबरवर ठेवतो. पहिल्या नंबरवर असते ती वाया जाणारी वाफ.

काही वर्षांपूर्वी मे महिन्यात रत्नागिरीजवळच्या एका पल्पच्या कारखान्यात गेलो होतो. मालक मला नव्या बर्नरचं कोटेशन दाखवायला बोलावत होते. फाटकातून आत जाताना उजव्या हाताच्या गटारातून वाफ निघताना दिसली. भर उन्हात गटारातून वाफ दिसते म्हणजे पाणी किती गरम असेल बघा. थर्मामीटर घातला, ८४ अंश. पल्पच्या कढईभोवतीच्या वाफेच्या जॅकेटमधून निघालेलं कंडेन्सेट, म्हणजे वाफेचं झालेलं गरम पाणी, सरळ नाल्यात जात होतं, आणि पलीकडे बॉयलरला विहिरीचं तीस अंशांचं पाणी दिलं जात होतं. बॉयलरच्या पाण्याचं तापमान दर सहा अंशांनी वाढलं की इंधन साधारण एक टक्का वाचतं, हा आमच्या धंद्यातला रोजचा हिशोब. तीसचं पाणी ऐंशीवर नेलं तर आठ टक्क्यांच्या आसपास गॅस वाचतो. त्यासाठी लागतं काय? एक टाकी, एक पंप, पाइप आणि त्यावर उष्णता अडवणाऱ्या खनिज लोकरीचं आवरण. अन्नप्रक्रियेत एक काळजी मात्र घ्यायची: जॅकेटला चीर गेली तर पल्प कंडेन्सेटमध्ये उतरतो आणि साखर-आम्ल बॉयलरमध्ये जातं. म्हणून परतीच्या लाइनवर पाण्याची वीजवाहकता मोजणारं मीटर बसवायचं. आकडा चढला की पाणी आपोआप गटाराकडे वळलं पाहिजे.

दुसरी गोष्ट स्टीम ट्रॅपची. वाफेच्या लाइनवरच्या या झडपेचं काम पाणी सोडायचं आणि वाफ अडवायची. तो उघडा अडकला तर वाफ सरळ पळते. मी अजूनही लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक ट्रॅपवर टेकवतो आणि मूठ कानाला लावतो. चांगला ट्रॅप थांबून थांबून टिकटिकतो, बिघडलेला सलग सुसाटत राहतो. सात बार दाबाच्या वाफेला तीन मिलिमीटरचं भोक मिळालं तर ताशी तीसेक किलो वाफ जाते. एक टन वाफेला सत्तर-पंचाहत्तर घनमीटर गॅस लागतो असं धरा, म्हणजे तेवढ्या एका भोकातून तासाला दोन घनमीटरहून जास्त आणि चोवीस तास चाललं तर दिवसाला पन्नास घनमीटर गॅस हवेत जातो. ज्या कारखान्यात कुणी ट्रॅप तपासतच नाही तिथे दहातले दोन-तीन असे सहज सापडतात. दर महिन्याला एका माणसाला वही देऊन सगळे ट्रॅप तपासायला लावा, प्रत्येकाला नंबर घाला.

धुराड्याचं तापमानही लिहून ठेवा. ते बावीस अंशांनी उतरवलं की एक टक्का इंधन वाचतं. बर्नरला हवा जास्त दिली जात असेल तर तीही तापून धुराड्यातून निघून जाते, त्यासाठी वर्षातून दोनदा ऑक्सिजन मोजून बर्नर जुळवून घ्या. आणि बाटल्या, क्रेट, फरशी धुवायला लागणारं साठ अंशांचं पाणी वाफेवर तापवत असाल तर ते काम हीट पंपाकडे द्या. हा पंप हवेतली उष्णता ओढून पाण्यात सोडतो, एका युनिट विजेत सुमारे तीन युनिट उष्णता देतो. आपल्या दमट, उबदार हवेत तो फार चांगला चालतो, जो घाम आपल्याला नकोसा होतो तोच त्याला उपयोगी पडतो. एवढं सगळं मनापासून केलं तर पंधरा ते वीस टक्के गॅस कमी झालेला मी अनेक ठिकाणी पाहिलाय, नवीन इंधनाचं नाव न काढता.

आता दुसऱ्या इंधनाकडे. डिझेलवरही चालणारा दुहेरी बर्नर जरूर ठेवा, पण तो चार-आठ दिवसांची अडचण निभवायला, रोजच्या सवयीला नाही. डिझेलचं कच्चं तेलही बरंचसं आखातातूनच येतं, फक्त ते अनेक देशांतून येतं आणि देशात त्याचे साठे असतात, म्हणून त्याचा धक्का जरा उशिरा बसतो. आणि ठेवलात तर चालवून बघत जा. एका कारखान्यात गॅसचा दाब रात्री दोन वाजता उतरला, पल्प कढईत, आणि दुहेरी बर्नर सुरूच होईना. तीन वर्षं टाकीत पडून राहिलेल्या डिझेलच्या तळाला पाणी आणि गाळ साठला होता, नोझल तुंबलं होतं. सकाळपर्यंत बायकामाणसं हातांनी पल्प बादल्यांतून काढत होती आणि शेवटी तो सगळा फेकावा लागला. तेव्हापासून मी सांगतो, महिन्यातून एकदा अर्धा तास बर्नर डिझेलवर चालवायचा आणि टाकीचा तळ काढायचा.

खरं कोकणातलं इंधन म्हणजे काजूची टरफलं. कच्च्या काजूच्या वजनातला सत्तर टक्क्यांच्या आसपासचा भाग टरफल असतो, आणि वेंगुर्ले-कुडाळ पट्ट्यात काजूचे कारखाने गावोगाव आहेत. पण कच्चं टरफल बॉयलरमध्ये टाकू नका. त्यातलं तेल जळताना झोंबणारा धूर होतो, नळ्यांवर चिकट थर बसतो आणि पत्रा खाल्ला जातो. तेल काढून उरलेली पेंड घ्या. एक घनमीटर गॅसचं काम करायला अशी पेंड अडीच किलोच्या आसपास लागते. गॅसच्या बॉयलरमध्ये ती चालत नाही, वेगळी भट्टी किंवा वेगळा घन इंधनाचा बॉयलर लागतो. त्यासाठी बाष्पके संचालनालयाची आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती बदलून घ्यावी लागते, धुळीसाठी सायक्लोन आणि बॅग फिल्टर बसवावा लागतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं, मे संपायच्या आत चार महिन्यांचा साठा कोरड्या, उंच जोत्याच्या शेडमध्ये पडला पाहिजे. आषाढात ताडपत्रीखाली ठेवलेली पेंड बुरसते आणि अर्धी उष्णता स्वतःचं पाणी वाळवण्यात घालवते. तुमच्यासारख्यांना मी सहसा सुचवतो: पायाभूत, म्हणजे सतत लागणारा भार पेंडीच्या लहान बॉयलरवर, वरखाली होणारा भार गॅसवर. दोन्ही जिवंत ठेवा.

एक विनंती हात जोडून करतो. घन इंधन म्हणून जंगलाचं लाकूड घेऊ नका. आपल्या डोंगरांवरची खाजगी रानं आधीच बॉयलर आणि भट्ट्यांसाठी ट्रक भरभरून जाताहेत. ऐन, किंजळ, जांभूळ तोडून गॅस वाचवला तर पुढच्या पिढीच्या विहिरीचं पाणी जाळलं. ब्रिकेट (भुसा दाबून केलेली इंधनाची वीट) घेताना ती कशाची आहे हे विचारा, सॉ-मिलच्या भुशाची, भाताच्या तुसाची की तोडलेल्या झाडांची.

तुमच्याकडे साली आणि कोयी पडतात, त्यांच्या बायोगॅसबद्दल बरेच जण उत्साहाने बोलतात. होतो, पण दोन अडचणी आहेत. साली आंबट, त्यामुळे टाकीतले जिवाणू मरतात. शेण मिसळावं लागतं आणि आम्लता तपासून गरजेपुरता चुना. दुसरी अडचण मोठी: आंबा दोन महिने, आणि बायोगॅसचं पोट बारा महिने भरावं लागतं. म्हणून एकट्याने करू नका. जवळपासच्या मासळी प्रक्रियेचा टाकाऊ माल, हॉटेलांचं खरकटं, गोठे, असे तीन-चार जण मिळाले तर वर्षभराचा चारा जुळतो. मासळीत नत्र जास्त, सालीत साखर जास्त, दोन्ही एकमेकांना सांभाळून घेतात. शहर गॅस कंपन्यांवर आता सीएनजी आणि घरगुती पाइप गॅसमध्ये ठरावीक टक्के बायोगॅस घेण्याचं बंधन आलंय, २०२५-२६ मध्ये एक टक्का, वाढत २०२८-२९ मध्ये पाच टक्के. म्हणजे असा प्रकल्प उभा राहिला तर गिऱ्हाईक शोधत फिरावं लागणार नाही.

घरच्या गोष्टी लवकर आटोपतो. गावी गुरं असतील तर गोबरगॅस. दोन घनमीटरच्या दीनबंधू संयंत्राला रोज पन्नास किलो शेण आणि तेवढंच पाणी लागतं, आणि त्यातून रोज ०.९ किलो एलपीजीएवढं काम होतं, म्हणजे साधारण सोळा दिवसांना एक सिलिंडर. इथे पुस्तकी हिशोब कोकणात फसतो. पुस्तकात एका गुराचं दहा किलो शेण धरतात. आपली कोकण कपिला लहान चणीची, आणि दिवसभर रानात चरते, तिचं अर्धं शेण डोंगरावरच राहतं. तुम्हाला पाच नव्हे, आठ-दहा जनावरं धरावी लागतील, नाहीतर एक घनमीटरचंच बांधा. खळाटीत, म्हणजे सखल भातजमिनीत, भूजल वर असतं तिथे पावसाळ्यात टाकीत पाणी झिरपतं. शक्यतो जांभ्याच्या उंचवट्यावर, गोठ्याला लागून जागा घ्या, खोदाई महाग पडली तरी. माझ्या बहिणीच्या घरी लांज्याला असंच आहे. श्रावणात ज्योत पिवळी पडून फडफडायला लागली की ती पाइपच्या सखल जागचा छोटा नळ उघडते, अर्धा तांब्या पाणी निघतं आणि ज्योत पुन्हा निळी होते. कुडाळ तालुक्यात झारापच्या भगीरथ ग्रामविकास प्रतिष्ठानने या कामात मोठा अनुभव जमवलाय, बांधण्याआधी त्यांची संयंत्रं बघून या.

शहरातल्या घरात इंडक्शन शेगडी ठेवा, गॅसच्या शेगडीत निम्म्याच्या आसपास उष्णता भांड्याबाहेर जाते तशी इथे जात नाही. पण सिलिंडर परत करू नका. जून २०२० च्या निसर्ग वादळात दापोली-मंडणगडची कित्येक गावं आठवडेच्या आठवडे विजेविना होती. कोकणात एकाच इंधनावर घर ठेवणं धोक्याचंच.

शेवटी शेती, आणि इथे मला सगळ्यांत जास्त बोलायचंय, कारण गॅसच्या चर्चेत युरियाचं नाव कुणी घेत नाही. भारतात गॅसचा सर्वांत मोठा ग्राहक खत कारखाने आहेत. अलिबागजवळ थळचा कारखाना सुरू झाला तेव्हा तो मुंबई हायच्या गॅसवर उभा राहिला. तिथे गॅस निव्वळ जळत नाही, तो कच्चा माल आहे. त्यातला हायड्रोजन घेऊन अमोनिया आणि अमोनियापासून युरिया होतो. तिथे पेंड घालून भागत नाही. पंचेचाळीस किलोच्या एका गोणीमागे जवळपास तीस घनमीटर गॅस खर्च होतो. चौघांच्या कुटुंबाला पाइप गॅस दोन महिने पुरतो, तेवढा. आणि आपण ती गोणी आषाढात, वाहत्या पाण्याच्या खाचरात हाताने फेकतो. त्यातलं बरंचसं नत्र बांध ओलांडून वहाळात जातं आणि काही हवेत उडतं.

यावर उत्तर याच मातीतलं आहे. डॉ. ना. कृ. सावंत यांची चारसूत्री भात लागवड. भाताचा पेंढा-तूस शेतात परत द्यायचं, गिरिपुष्पाचा (ग्लिरिसिडियाचा) पाला गाडायचा, १५ आणि २५ सेंटिमीटर अशा आळीपाळीच्या अंतराने नियंत्रित लावणी करायची आणि रोपांच्या चार चुडांच्या (झुपक्यांच्या) मधोमध युरिया-डीएपीची २.७ ग्रॅमची एक गोळी चिखलात खोल दाबायची. गोळी चिखलात असते, त्यामुळे पाण्याबरोबर वाहत नाही आणि हळूहळू विरघळते. नत्र चाळीस टक्क्यांच्या आसपास कमी लागतं. दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या माणसांना विचारा, ते शेतात येऊन दाखवतात. अडचण एकच, लावणीच्या धांदलीत गोळ्या खोचायला माणसं लागतात, आणि मुंबईला गेलेल्या घरात तीच नसतात. आमच्या वाडीत दोन वर्षं आम्ही चार घरांनी मिळून पैर केला, एक दिवस एकाच्या खाचरात. एकरभर गोळ्या दुपारच्या जेवणापर्यंत खोचून झाल्या.

तुमच्यापुरता क्रम सांगतो. या आठवड्यात करार वाचा आणि ट्रॅपची वही सुरू करा. पावसाळ्यात कारखाना मंद असेल तेव्हा कंडेन्सेटची लाइन टाकून घ्या. दिवाळीनंतर पेंडीचे दर आणि तिची ओल मोजून नमुने मागवा, तोवर संमतीचे कागद लावा. फेब्रुवारीत छोट्या बॉयलरची चाचणी घेतलीत तर एप्रिलअखेरीस कारखान्यात पहिला हापूस येईल तेव्हा तो गॅसची वाट बघत थांबणार नाही. गटारातल्या पाण्याचं तापमान आणि गेल्या बारा महिन्यांची गॅसची बिलं पाठवा, टाकीचा आणि पंपाचा आकार मी काढून देतो.